धरण कसं आहे, आणि धरणाखाली कोण आहे

‘धोका’ हा शब्द मराठीत एका अर्थानं चालतो आणि हिंदी-उर्दूत दुसऱ्या. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता. आमच्या घरात जी दखनी बोलली जाते, तिच्यात धोका म्हणजे फसवणूक. त्यामुळे घाटातल्या वळणावर ‘पुढे धोका आहे’ अशी पाटी दिसली, की आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारायचं, ‘कौन देरा?’

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ उपयोगी पडतील. विषय तसा रुक्ष आहे. खाजगी मालकीची छोटी मातीची धरणं, आणि सरकारी दप्तरात त्यांना मिळणारे सुरक्षिततेचे शेरे. उदाहरणही बरंच लांबचं आहे, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरचं. तिथल्या एका धरणाच्या नावापुढे ‘कमी धोका’ असा शेरा होता. १४ मार्च २००६ च्या पहाटे ते धरण फुटलं आणि सात माणसं गेली. मग तो शेरा खोटा होता का? या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून तर आजचं हे बोलणं.

खाजगी धरण म्हटलं की आपल्याला जरा नवल वाटतं. धरण म्हणजे पाटबंधारे खात्याचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण मावळात टाटांनी विजेसाठी बांधलेली धरणं आजही कंपनीच्याच ताब्यात आहेत. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळात बांधले गेलेले हजारो तलाव एकेकाळी खाजगीच होते. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. अमेरिकेत तर खाजगी धरण ही नेहमीचीच गोष्ट. तिथल्या लष्कराच्या अभियंता दलाकडे देशभरातल्या धरणांची एक नोंदवही असते. तीत नव्वद हजारांहून जास्त धरणं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खाजगी मालकीची. शेतकऱ्याचं तळं, जुन्या गिरणीचं धरण, एखाद्या वसाहतीनं नौकाविहारासाठी अडवलेला ओढा, ऊसमळ्याचा जलाशय. यांतली बहुतेक मातीची, कारण माती जागेवरच मिळते आणि ती रचायला मोठा कारखाना लागत नाही.

मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग मात्र नव्हे. चांगल्या धरणाच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. बाहेरचा भराव त्या गाभ्याला आधार देतो. पाण्याच्या बाजूला दगडाचं अस्तर असतं, लाटांनी माती सुटू नये म्हणून. आणि एका कडेला असतो सांडवा, जादा पाण्याला ठरवून दिलेली वाट. मातीच्या धरणाचा जीव या सांडव्यात असतो. काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी वाहिलं तरी ते सहसा तग धरतं. मातीचं धरण ते सोसत नाही. माथ्यावरून उतरणारं पाणी पलीकडच्या उताराची माती ओढून नेतं, उतार खचतो, माथा अरुंद होतो, आणि एकदा खिंड पडली की पाणी स्वतःच तिला रुंद आणि खोल करत जातं. मग माणसांच्या हातात फारसं काही उरत नाही.

दुसरं मरण आतून येतं. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पायथ्याशी येणारं ते पाणी निवळ आहे की गढूळ, एवढं मात्र पाहायचं असतं. गढूळ झालं, म्हणजे पाणी धरणाची माती बरोबर घेऊन निघालं. आत वाहिनी तयार होते आहे. भरावावर वाढलेल्या झाडांची मुळं, घुशी-उंदरांची बिळं, गंजलेल्या मोरीच्या कडा, या सगळ्या अशा वाहिनीला वाट करून देतात. हे पाहायला मोठं यंत्र लागत नाही. बांधावरून नियमित चालणारा आणि कुठे थांबून पाहायचं हे कळणारा माणूस लागतो.

आता हवाईकडे वळू. कवाई नावाचं बेट आहे. त्याच्या मधल्या डोंगरावर पडणारा पाऊस वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणजे आपल्या मेघालयातल्या मौसिनरामच्या पंगतीत बसणारा. या बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ किलाउएया गावाच्या वर १८९० साली उसाच्या मळ्यासाठी एक धरण बांधलं गेलं. त्याचं नाव का लोको. उंची साधारण तीन-चार मजली इमारतीएवढी. पाणी सुमारे १५ लाख घनमीटर. आपल्या सवयीच्या मापात सांगायचं तर आजच्या पानशेतच्या दोनशेव्या हिश्श्याइतकं. पानशेत पाहिलेल्या माणसानं त्याला तळंच म्हटलं असतं.

१९७१ साली तिथला साखर कारखाना बंद पडला. ऊस गेला, धरण राहिलं. मळ्याच्या काळात पाट आणि बांध रोज पायाखाली घालणारे पाटकरी होते, कारण पाणी वाया गेलं तर कंपनीचा तोटा होता. ऊस गेल्यावर ती रोजची पायपीट करायचं कारणच उरलं नाही. पुढे १९८७ मध्ये ही जमीन होनोलुलूतले मोटारविक्रेते जेम्स फ्लुगर यांनी घेतली. जलाशयाखालचा काही भाग एका वेगळ्या ट्रस्टचा होता. पाणी खेळवण्याची व्यवस्था तिसऱ्याच कंपनीकडे. आणि सुरक्षिततेची देखरेख राज्य सरकारकडे. चार वाटेकरी असलेल्या विहिरीचा गाळ कोण काढतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

२००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कवाईवर जवळजवळ चाळीस दिवस पावसानं ठाण मांडलं होतं. १४ मार्चला उजाडण्यापूर्वी बांध फुटला. पाणी ओढ्याच्या वाटेनं सुटलं, किनाऱ्याचा महामार्ग ओलांडून समुद्राला मिळालं. वाटेत घरं होती. गेलेल्या सात जणांत एक लहान मूल होतं आणि एक गर्भवती स्त्री होती. माणसं झोपेत होती. त्यांना कोणी उठवलं नाही, कारण उठवायचं कोणी, कुणाला आणि कधी, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते का लिहिलेलं नव्हतं, हे समजायला तो शेरा नीट वाचावा लागतो.

अमेरिकेत धरणाला दोन वेगळे शेरे मिळतात. एक धरणाच्या अवस्थेचा. ती समाधानकारक आहे, बरी आहे, वाईट आहे की असमाधानकारक. हा शेरा प्रत्यक्ष पाहणी करून देतात. सांडवा मोकळा आहे का, पाझर कसा आहे, भेगा आहेत का, दारं चालतात का. म्हणजे डॉक्टरनं नाडी पाहून सांगितल्यासारखा.

दुसरा शेरा धोक्याचा. उच्च, लक्षणीय आणि कमी अशा त्याच्या तीन पायऱ्या. आणि इथेच भलेभले चकतात. या शेऱ्याचा धरणाच्या प्रकृतीशी काहीही संबंध नाही. तो एवढंच सांगतो, की हे धरण समजा फुटलं, तर खाली काय होईल. माणसं मरण्याची शक्यता असेल तर ‘उच्च’. माणसं बहुधा वाचतील पण रस्ते, वीज, पाणीपुरवठा, शेती यांचं मोठं नुकसान होईल, तर ‘लक्षणीय’. नुकसान मुख्यतः मालकाच्याच जमिनीपुरतं राहील, तर ‘कमी’. धरण फुटेल की नाही, याबद्दल हा शेरा अवाक्षर काढत नाही. काल बांधलेलं, एकही भेग नसलेलं धरण गावाच्या डोक्यावर असेल तर ते ‘उच्च धोका’ या वर्गात जातं. आणि माळरानावरचं, भगदाडं पडलेलं, झाडोऱ्यात बुडालेलं धरण ‘कमी धोका’ म्हणून शांत बसून राहू शकतं.

मूळ सरकारी संज्ञेत धोक्यापुढे ‘संभाव्यता’ असा आणखी एक शब्द आहे. बोलताना, छापताना तो गळून पडतो. उरतं ते ‘कमी धोक्याचं धरण’. हे तीन शब्द वाचून कुठल्याही भाषेतला शहाणा माणूस म्हणेल, चला, हे सुरक्षित आहे. शब्द जपून वापरणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ही साधी तांत्रिक गोष्ट नाही. इंग्रजीत यासाठी ‘हॅझर्ड’ हा शब्द वापरतात. तो मुळात फाशांच्या एका जुगाराचं नाव होता, आणि काही कोशकार त्याचं मूळ फासा या अर्थाच्या ‘झहर’ या अरबी शब्दात शोधतात. फासा कसा पडेल ते फासा सांगत नाही. डावावर काय लावलं आहे, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. धोक्याचा शेरा नेमका तेवढंच सांगतो, की डावावर कोण आहे.

का लोकोखाली फक्त ऊस असता, तर ‘कमी धोका’ हा शेरा बरोबरच ठरला असता. पण २००६ साली तिथे माणसं राहत होती. म्हणजे शेरा त्याच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणेही चुकीचा होता. आणि तो नुसता कागदावर चुकीचा राहिला नाही, त्यानं पुढची सगळी दारं लावून टाकली. धोका कमी, म्हणून तपासणीच्या यादीत नाव मागे. कायद्यानं ठराविक वर्षांनी तपासणी सांगितली होती, प्रत्यक्षात राज्याच्या माणसांनी या धरणाची तपासणी कधी केलीच नाही. तपासणी नाही, म्हणून धरणाच्या अवस्थेचा शेराच नाही. आणि धोका कमी असल्यामुळे आणीबाणीचा आराखडाही नाही. कुठला टेलिफोन आधी करायचा, कुठली घरं आधी रिकामी करायची, याची साधी यादीही नाही.

राज्यानं नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल जानेवारी २००७ मध्ये आला. पाणी बांधाच्या माथ्यावरून गेलं आणि बांध फुटला, असा त्याचा निष्कर्ष होता. धरणाला पूर्वी सांडवा होता आणि जमिनीच्या सपाटीकरणात तो मातीनं बुजवला गेला असण्याचा संभव दाट आहे, असंही अहवालानं म्हटलं. मालकाच्या बाजूनं हे नाकारलं गेलं. खटला वर्षानुवर्षं चालला. २०१३ मध्ये फ्लुगर यांनी बेदरकारपणे इतरांचे जीव धोक्यात घातल्याच्या आरोपाला विरोध केला नाही आणि पुढच्या वर्षी त्यांना सात महिन्यांची कैद झाली. सांडवा आहे की बुजला आहे हे पाहायला अभियंत्याचीही गरज नव्हती. बांधावरून एक फेरी मारली असती तरी दिसलं असतं.

एवढं ऐकल्यावर मालकाला आणि सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, आणि या प्रकरणात त्यात अन्यायही नाही. पण सगळीच छोटी धरणं बेपर्वा धनिकांची नसतात. समजा एका शेतकऱ्याच्या आजोबांनी रानात तळं बांधलं. खाली कुरण होतं, तेव्हा धोका कमी. पन्नास वर्षांनी शेजाऱ्यानं कुरण विकलं, तिथे प्लॉट पडले, घरं झाली. धरणात एक घमेलं माती इकडची तिकडे झाली नाही, आणि एका सकाळी ते ‘कमी’वरून ‘उच्च’ झालं. घर बांधणाऱ्यांना कोणी विचारलं नाही, की वर काय आहे. प्लॉट विकणाऱ्यानं तर ‘तळ्याच्या सान्निध्यात’ अशी जाहिरातही केली असेल. आता नियम बदलले, सांडवा मोठा करायचा, दरवर्षी तपासणी करायची, आराखडा करायचा. खर्च कुणाचा? तळ्याच्या मालकाचा. अमेरिकेतल्या धरण अभियंत्यांना ही सरकती डोकेदुखी चांगली ठाऊक आहे.

सांडवा मोठा करायचा म्हणजे किती, तेही सांगतो. कमी धोक्याच्या धरणाला बहुतेक ठिकाणी शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबानं सांडवा पुरतो. या ‘शंभर वर्षांत एकदा’नंही लोकांची बरीच फसगत केली आहे. गेल्या साली येऊन गेला, आता नव्व्याण्णव वर्षं निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक अशी शक्यता, एवढाच अर्थ आहे. घराचं कर्ज तीस वर्षांचं असतं. त्या तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सव्वीस निघते. उच्च धोक्याच्या धरणाला म्हणूनच याहून कितीतरी मोठा, त्या खोऱ्यात कल्पना करता येईल असा जास्तीत जास्त पूर धरून सांडवा मागतात. त्याचा खर्च छोट्या मालकाला धरणाच्या किमतीहून जास्त पडू शकतो.

मोठ्यांचीही तीच रड. मिशिगन राज्यातल्या एडनव्हिल या खाजगी धरणाचा सांडवा अपुरा आहे, हे नियंत्रक अनेक वर्षं सांगत होते. मालक कंपनी पैसे नाहीत म्हणत राहिली. २०१८ मध्ये तिचा वीजनिर्मितीचा परवाना काढून घेतला गेला. १९ मे २०२० ला धरण फुटलं, आणि तेही पाणी माथ्यावरून न जाता. भिजलेल्या सैल भरावानंच दगा दिला. पण तिथला धोक्याचा शेरा ‘उच्च’ होता. आराखडा होता. सुमारे दहा हजार लोकांना आधीच हलवलं गेलं आणि एकही जीव गेला नाही. धरण वाचलं नाही, माणसं वाचली. शेऱ्याचं काम ते हेच.

अमेरिकेला हे शहाणपण आलं तेही पाण्यातूनच. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स इथलं केली बार्न्स धरण फुटलं. मातीचं, छोटं, खालच्याच एका धार्मिक महाविद्यालयाच्या मालकीचं. ३९ माणसं गेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः जॉर्जियाचे. उच्च धोक्याच्या बिनसरकारी धरणांची तपासणी सुरू करा, असा त्यांनी आदेश दिला. पुढच्या चार वर्षांत पावणेनऊ हजारांहून जास्त धरणं पाहिली गेली, आणि त्यांतलं सुमारे प्रत्येक तिसरं असुरक्षित निघालं. यात एक मेख होती. तपासणी उच्च धोक्याच्या धरणांची होती. ज्यांच्यापुढे चुकून ‘कमी’ लिहिलं गेलं होतं, ती या चाळणीत आलीच नाहीत.

आपल्याकडे धरणफुटीची आठवण म्हणजे पानशेत, १२ जुलै १९६१. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे इथलं धरण फुटलं, ते पानशेतपेक्षा का लोकोच्या जातीचं होतं. सरकारी, पण छोटं आणि मातीचं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं मंत्र्यांनी सांगितलं आणि महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली. खेकडे बिळं करतात हे खरं, पण बिळं कोणी पाहायची, हा प्रश्न थट्टेत बुडून गेला. २०२१ मध्ये आपला धरण सुरक्षा कायदा झाला. तो खाजगी मालकांनाही लागू आहे आणि त्यात धोक्यानुसार वर्गवारीची तरतूद आहे. मात्र तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काही ठराविक धरणांसाठी. त्याहून ठेंगणे बांध, तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांच्या खाली राहणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा सांडव्यापर्यंत चालत जावं आणि पायथ्याचं पाणी निवळ आहे का ते पाहावं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हवाईनं २००७ मध्ये नवा कायदा केला आणि जुनी धरणं नव्यानं पाहिली. राज्यात सव्वाशेच्या आसपास धरणं, बहुतेक जुन्या ऊसमळ्यांची. त्यांतली बहुसंख्य आता ‘उच्च धोका’ या वर्गात आहेत. धरणं रातोरात बिघडली नाहीत. त्यांच्याखाली कोण राहतं, हे एकदाचं मोजलं गेलं. २०२१ पासून ती राष्ट्रीय नोंदवहीही अशी झाली आहे, की कोणाही नागरिकाला आपल्या डोक्यावरच्या धरणाचा शेरा घरबसल्या पाहता येतो.

त्याच वर्षी ८ मार्चला माउई बेटावर पावसानं कहर केला. काउपाकालुआ नावाचं १८८५ सालचं मातीचं धरण, तेही खाजगी, तेही उसासाठी बांधलेलं, काठोकाठ भरलं आणि पाणी माथ्यावरून जाऊ लागलं. शेरा होता ‘उच्च धोका’, आणि अवस्था असमाधानकारक. धरण फुटल्याचीच बातमी आधी पसरली होती. नंतर कळलं की बांधानं तग धरला आहे. पण तोवर भोंगे वाजले होते आणि खालच्या हाइकू गावातली घरं रिकामी करण्याचे आदेश सुटले होते. ते धरण काढून टाकायचं ठरलेलं होतं.